अनोळखी प्रोग्राम काढण्याआधी त्याची तारीख बघा

२०२५ चे गणपती होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. पाऊस हटत नव्हता. शिरोड्याकडचे एक काजू बागायतदार काका लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून वेंगुर्ल्याला माझ्या दुकानात आले आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "गो बाय, ह्यां खयसून इलां माझ्या कॉम्प्युटरात? पुसून टाक सगळां."

प्रिंटरचा जुना प्रोग्राम काढायचा म्हणून त्यांनी कंट्रोल पॅनलमधली प्रोग्रामांची यादी उघडली होती. तिथे दोन नावं दिसली, वायरशार्क आणि एनपीकॅप. दोन्ही त्यांनी जन्मात ऐकलेली नव्हती. नाक्यावर कुणीतरी सांगितलं की हे दुसऱ्याचं नेट चोरून बघायचं सॉफ्टवेअर आहे. झालं. तीन दिवस काकांनी लॅपटॉप उघडला नाही, बँकेची कामं थांबवली, रात्री राऊटरची पिन काढून ठेवली. काकी फोनवर जावेशी बोलायलाही कचरत होत्या.

मी काही पुसलं नाही. यादीतल्या 'इन्स्टॉल्ड ऑन' या रकान्यावर क्लिक केलं की प्रोग्राम तारखेच्या क्रमाने लागतात. दोन्ही नावांपुढे एकच तारीख होती, २९ ऑगस्ट २०२५. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. मी विचारलं, "काका, तुमचे गणपती दीड दिवसाचे की पाच?"

"पाच."

"मग २९ तारखेला घरात कोण कोण होतं?"

काका बोटांवर मोजू लागले. मुंबईचा भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, रत्नागिरीला डिप्लोमा करणारा पुतण्या. पुतण्याशी आल्यावर बोट थांबलं. दुकानातूनच फोन लावला. पोराला कॉलेजचं प्रॅक्टिकल पुरं करायचं होतं, स्वतःचा लॅपटॉप हॉस्टेलवर राहिला होता, म्हणून काकांच्या मशीनवर टाकला. विचारायचं राहून गेलं.

अकरा वर्षं मी हे काम करते. 'मॉनिटर', 'कॅप्चर', 'एजंट', 'पॅकेट' असले शब्द यादीत दिसले की माणसं घाबरतात आणि पहिला हात अनइन्स्टॉलवर जातो. माझं सांगणं असं की हात तिथे जाण्याआधी तीन गोष्टी शोधा: तो प्रोग्राम कधी आला, कोणी टाकला आणि त्याच्यावर कोणाचं काम अवलंबून आहे. यातली पहिली दोन कळली की बहुतेक वेळा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येतो. तारीख मात्र अगदी डोळे झाकून धरू नका. प्रोग्रामचं अपडेट आलं किंवा तो दुरुस्त केला तर त्या रकान्यात कधी कधी नवी तारीख दिसते.

काकांच्या त्या दोन नावांबद्दल थोडं सांगते, कारण ती खूप मशीनवर सापडतात. वायरशार्क हे नेटवर्कवरून जाणारी-येणारी माहिती तपासायचं मोफत साधन. १९९८ मध्ये ते 'इथेरियल' या नावाने आलं, २००६ पासून वायरशार्क म्हणतात. नेटवर्किंग शिकणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाला ते कधी ना कधी लागतं. एनपीकॅप हा त्याच्याखाली काम करणारा ड्रायव्हर. नेटवर्क कार्डातून जाणारी पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, तो वरच्या प्रोग्रामला दाखवतो, एवढंच. तो एकटा काही नोंदवत नाही, कुठे काही पाठवत नाही. पडवीत टांगलेलं जाळं आपणहून मासे धरत नाही, तसं. जुन्या मशीनवर याच जागी 'विनपीकॅप' दिसतो. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची, पुढे कोणी सुधारलेला नाही. तो वापरणारं जुनं सॉफ्टवेअर मशीनवर उरलं नसेल तर विनपीकॅप काढलेलाच बरा.

म्हणून अशा ड्रायव्हरचं नाव दिसलं तर पुढचा प्रश्न हा की त्याला वापरतंय कोण? काकांकडे उत्तर समोर होतं, वायरशार्क. वर कोणताच ओळखीचा प्रोग्राम नाही आणि खाली नुसता ड्रायव्हर आहे, असं असेल तर दोन शक्यता. एक, कोणीतरी वरचा प्रोग्राम काढला आणि ड्रायव्हर मागे राहिला. वायरशार्क काढला तरी एनपीकॅपची वेगळी नोंद यादीत उरू शकते, त्यामुळे हे बरेचदा घडतं. दुसरी, यादीत न दिसणारं काहीतरी तो वापरतंय. मग खोलात जाऊन बघायचं.

खोलात म्हणजे काय, ते मी करते त्याच क्रमाने सांगते.

यादीत नावापुढे 'पब्लिशर' लिहिलेला असतो. तो रकाना रिकामा असेल तर माझे कान टवकारतात. नंतर टास्क मॅनेजरमध्ये तो प्रोग्राम चालू दिसला तर त्यावर उजवं क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' घ्यायचं. फाइल 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये आहे, म्हणजे ती टाकताना अॅडमिनची परवानगी कोणीतरी दिलेली आहे. 'टेम्प' फोल्डरात बसून रोज चालणारी फाइल असेल तर ती मला संशयास्पद वाटते. 'अॅपडेटा'चं मात्र दोन्ही बाजूंनी आहे, पुष्कळ चांगले प्रोग्रामही तिथेच राहतात, तेवढ्यावरून ठरवू नका. मग त्या फाइलवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिजिटल सिग्नेचर्स'. इथे कंपनीची सही दिसते. सही आहे म्हणजे प्रोग्राम भला, असं समजू नका. सहीवरून तो कोणाचा एवढं कळतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. यादीत एनपीकॅपपुढे पब्लिशर म्हणून तो बनवणाऱ्या एनमॅप प्रोजेक्टचं नाव असतं. नाव एक आणि सही भलत्याचीच, असं दिसलं की मी ग्राहकाला थांबवून ठेवते.

पुढे रिसोर्स मॉनिटर. तो विंडोजमध्येच असतो, वेगळा आणावा लागत नाही. त्याच्या 'नेटवर्क' टॅबमध्ये कोणता प्रोग्राम आत्ता किती बाइट पाठवतोय, किती घेतोय ते दिसतं. ब्राउझर बंद करा, व्हॉट्सअॅप बंद करा आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा. घरगुती नेटचा हिशेब ठेवणारा साधा प्रोग्राम फारसं बाहेर पाठवत नाही. एखादा अनोळखी प्रोग्राम कोणी काही करत नसताना सतत बाहेर पाठवत असेल, तर तो काय पाठवतोय हे कळेपर्यंत त्या मशीनवर बँकेचं काम करू नये.

तरी शंका उरली तर ती फाइल व्हायरसटोटलवर तपासते. २००४ पासून चालू असलेली ही मोफत सेवा २०१२ मध्ये गूगलने घेतली. एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तिथे एकदम तपासून मिळते. पण तिथे टाकलेली फाइल सुरक्षेचं काम करणाऱ्या इतरांनाही मिळू शकते, म्हणून प्रोग्रामचीच फाइल टाका. सातबारा, आधार, हिशेबाची शीट असलं काही तिथे चढवायचं नाही. आणि सत्तरेक अँटिव्हायरसांपैकी एक-दोघांनीच लाल दाखवलं तर घाबरून जाऊ नका. नेटवर्क बघणाऱ्या साधनांवर असा चुकीचा ठपका बरेचदा बसतो.

आता माझ्या हातून झालेलं सांगते.

२०२२ चा एप्रिल. एका काजू कारखान्याच्या ऑफिसातलं मशीन हळू चालतं म्हणून मला बोलावलं होतं. ऐन हंगाम, बाहेर बीच्या गोणी घेऊन टेम्पो उभे, आत मुनीम घाईत. यादीत एक अनोळखी नाव होतं, शेवटी 'एजंट' लागलेलं. मालक बाहेरगावी होते. मुनीमभाऊ म्हणाले, मला काही माहीत नाही, नको असेल तर काढा. मी काढलं. सही बघितली नाही, मालकांना फोन केला नाही. मशीन थोडं हलकं झालं, सगळे खूश.

तो एजंट कारखान्याच्या बाहेरगावच्या एएमसीवाल्याचा, म्हणजे मशीनच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट घेतलेल्या माणसाचा होता. यूपीएसची बॅटरी उतरली, डिस्क भरली, रात्रीचा बॅकअप झाला नाही, असं काही घडलं की त्याला तिकडे कळायचं. मी काढल्यावर चारच दिवसांनी बॅकअपची डिस्क भरली. कोणाला कळलं नाही, कारण कळवणारा मीच काढून टाकला होता. मे उजाडता उजाडता वळवाच्या पावसात वीज पडली आणि हार्ड डिस्क गेली. खरेदीच्या बारा दिवसांच्या नोंदी गेल्या. पावतीपुस्तकं होती म्हणून निभावलं. मी सहा रात्री मुनीमभाऊंच्या शेजारी बसून एकेक पावती परत भरली. पैसे घेतले नाहीत. त्या बारा दिवसांत ज्यांनी बी घातली होती त्यांतले कितीतरी लोक एकेक, दोन-दोन गोणी आणणारे होते. त्यांचे पैसे लांबले, आणि ते माझ्यामुळे लांबले.

तेव्हापासून कुठल्याही ऑफिसच्या, शाळेच्या, पतसंस्थेच्या, हॉटेलच्या मशीनवर मी मालक आणि एएमसीवाला या दोघांशी बोलल्याशिवाय असा प्रोग्राम काढत नाही. ज्याने राऊटर आणि कॅमेरे बसवले त्यालाही विचारते, कारण बरेचदा त्याचंच काहीतरी असतं. कंपनीचा लॅपटॉप घेऊन गावाकडून काम करणारी मुलं येतात, त्यांना तर सरळ सांगते की हे आपलं नाही. 'सेटिंग्ज'मध्ये 'अकाउंट्स', त्यात 'अॅक्सेस वर्क ऑर स्कूल' उघडून बघा. तिथे कंपनीचं नाव जोडलेलं असेल तर त्या मशीनवरची देखरेख कंपनीची आहे. प्रश्न असेल तर कंपनीच्या आयटीला मेल करा, आणि घरचं खासगी काम घरच्या मशीनवर करा.

घरच्या मशीनवर, कोणीच 'मी टाकलं' म्हणत नाही आणि धोक्याची खूणही दिसत नाही, अशा वेळी मी काढण्याआधी बंद करून बघते. 'सर्व्हिसेस' या विंडोजमध्ये मागे चालणाऱ्या कामांच्या यादीत त्याची सर्व्हिस शोधायची, आधी थांबवायची, मग 'स्टार्टअप टाइप' 'डिसेबल्ड' करायचा. एनपीकॅपसारखा ड्रायव्हर असेल तर नेटवर्क कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या यादीत त्याच्या नावापुढची टिक काढायची. बाकीच्या टिकांना हात लावू नका. मग आठ दिवस मशीन नेहमीसारखं वापरायचं. टॅली उघडतंय का, प्रिंटर चालतोय का, कॅमेरे दिसतात का, होमस्टेचं बुकिंग येतंय का. काही अडलं तर सर्व्हिस परत चालू केली किंवा टिक परत लावली की झालं. आठ दिवसांत कोणाचंच काही अडलं नाही तर खुशाल काढा. काढण्याआधी रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत नेता येतं, हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, आणि काढताना प्रोग्रामचा स्वतःचा अनइन्स्टॉलरच वापरा. फोल्डर हाताने डिलीट केलं तर ड्रायव्हरची नोंद मागे राहते आणि कधी कधी मशीनचं नेटच बंद पडतं.

हे सगळं शांतपणे करायची मुभा प्रत्येक वेळी नसते.

फोन आल्यावर आलेला प्रोग्राम वेगळा धरायचा. कोणीतरी बँकेतून, वीज कंपनीतून बोलतोय म्हणून सांगितलं, काहीतरी डाउनलोड करायला लावलं, आणि आता यादीत नवीन नाव दिसतंय. दूरवरून स्क्रीन हाताळायची साधनं मुळात चांगल्या कामाची असतात, पण त्यांचा असा वापर इतका वाढला की २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या अशाच एका साधनावरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. अशा वेळी आधी नेट तोडा, वायफाय बंद किंवा केबल बाहेर. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. पैसे गेले असतील तर एकेक मिनिट मोलाचं असतं, मशीन साफ करायला नंतर वेळ आहे. स्क्रीनवर जे दिसतंय त्याचे फोटो काढून ठेवा. तक्रार होण्याआधी मशीन फॉरमॅट करायला कोणाला देऊ नका, मलासुद्धा नाही. नंतर मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं 'ऑफलाइन स्कॅन' चालवता येतं, त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधनंही २०१७ पासून मोफत मिळतात. पण असल्या मशीनवर नवीन विंडोज टाकणं हेच मला पटतं, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून.

आणखी एक प्रसंग येतो. त्याबद्दल मी दुकानात मोठ्याने बोलत नाही, म्हणून इथे लिहिते.

बाई येते, लॅपटॉप काउंटरवर ठेवते, इकडेतिकडे बघते आणि हळूच विचारते, "माझं कोणी बघतंय का ते कळेल?" "मी कोणाशी काय बोलले, कुठे गेले, हे घरच्यांना न सांगता कळतं," असं म्हणते. अशा वेळी मी तिथे काही उघडत नाही. दुपारी बाजार शांत असतो तेव्हा ये, एकटी ये, असं सांगते. आणि एक गोष्ट बजावते, ती तुम्हालाही सांगते. घरातल्याच कोणी पाळत ठेवायला प्रोग्राम टाकला असेल तर तो काढल्याचं त्याला लगेच कळू शकतं. आणि कळल्यावर तो माणूस काय करेल, हे त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. तिथे मशीनपेक्षा तिची सुरक्षितता आधी. त्या लॅपटॉपवर याबद्दल काही शोधू नये, कोणाला लिहू नये. बोलायचं तर मैत्रिणीच्या, बहिणीच्या फोनवरून. महिला हेल्पलाइन १८१ आहे, जिवावर बेतलं तर ११२. यादीचा, तारखेचा, फाइलच्या जागेचा फोटो दुसऱ्या फोनवर घेऊन विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा, पुढे तक्रार करायची झाली तर तो लागतो. काढायचा दिवस तिने ठरवायचा. अशा एकीने तीन आठवडे थांबून, माहेरी जाऊन, मग लॅपटॉप माझ्याकडे पाठवला. तेव्हा काढला. तोवर रोज तो चालू आहे हे मला माहीत होतं आणि मी गप्प होते. अवघड गेलं, पण तिचं बरोबर होतं.

अशा प्रोग्रामला काय दिसतं, हेही कळलेलं बरं. नुसतं नेटवर्क बघणाऱ्याला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे साधारण समजतं. कुलपाची खूण असलेल्या साइटवरचा मजकूर, पासवर्ड त्याला वाचता येत नाही. मात्र मशीनमध्ये स्वतःचं 'रूट सर्टिफिकेट', म्हणजे साइट खरी की खोटी हे ठरवताना मशीन ज्यावर विसंबतं ते ओळखपत्र, घालून बसलेला प्रोग्राम ते कुलूपही उघडू शकतो. २०१५ च्या फेब्रुवारीत हे जगापुढे आलं. लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्राम कारखान्यातूनच घातलेला होता, आणि त्याने असंच सर्टिफिकेट बसवलं होतं. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट मागे राहायचं, ते वेगळं काढावं लागलं. त्यामुळे संशयास्पद प्रोग्राम काढल्यावर मी विंडोजची विश्वासू रूट सर्टिफिकेटांची यादी उघडून त्या प्रोग्रामच्या नावाचं तिथे काही उरलंय का बघते. तुम्हाला ती यादी नवखी असेल तर अंदाजाने काही डिलीट करू नका, जाणकाराला दाखवा.

काकांच्या लॅपटॉपचं काय केलं? पुतण्याने फोनवर सगळं कबूल केल्यावर मी म्हटलं, काढू का? काका थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "रवांदे मगे. पोराक दिवाळीक परत लागतलां." मी नेटवर्क कार्डातली एनपीकॅपची टिक काढून दिली आणि पोराला कळवलं की लागेल तेव्हा काकांकडून पासवर्ड घालून घेऊन परत लाव. पुतण्यासाठी वेगळं युजर अकाउंट केलं, अॅडमिनचे हक्क न देता. आता काही नवीन टाकायचं तर पासवर्ड काकांकडे मागावा लागतो. 

प्रोग्राम काढल्यावर नेट आहे पण साइट उघडत नाही, असं झालं तर 'सेटिंग्ज'मध्ये प्रॉक्सी बघा, म्हणजे नेटची ये-जा मध्येच दुसरीकडून वळवायची सोय. काही प्रोग्राम जाताना प्रॉक्सी तशीच चालू ठेवून जातात. तिथे १२७.०.०.१ असा, म्हणजे मशीनचा स्वतःचाच, पत्ता दिसत असेल आणि तो तुम्ही घातलेला नसेल तर ती बंद करा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. नाही सुटलं तर 'नेटवर्क रीसेट' आहे. पण त्याने जतन केलेले वायफाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन असेल तर तो परत बसवावा लागतो. म्हणून पासवर्ड आधी कागदावर उतरवून घ्या. राऊटरच्या खालचा स्टिकर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. किनाऱ्याच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत त्यावरची अक्षरं पुसट होतात, आणि पासवर्ड बदललेला असेल तर स्टिकरवरचा तसाही लागत नाही.